खोकल्याचं काही लिहायचं नाही, असं ठरलंय

नगर (आता अहिल्यानगर लिहायचं, पण हात ऐकत नाही)
१४ डिसेंबर

चि. करुणा हिस,
प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून संध्याकाळपर्यंत तुझी आई माझ्याशी बोलली नाही. बोलली ती एवढंच : "पत्र लिहायचं तर लिहा, पण त्यात पोरीच्या खोकल्याचं नाव काढायचं नाही." मी कबूल केलंय. तेव्हा हे पत्र नाताळाचं आहे.

आईचा डोळा बरा आहे. डॉक्टरांनी महिनाभर चुलीजवळ, धुराजवळ जायचं नाही म्हणून सांगितलंय. आपल्याकडे चूल आहे कुठे, पण कढईसमोर उभं राहणंही त्यात आलं असं मीच ठरवून टाकलं. परिणाम असा की यंदाच्या करंज्या तुझ्या बापाने केल्या. शकूमावशी पारी लाटायला आल्या होत्या. सारण आईने काळा चष्मा लावून, खुर्चीत बसून, नुसत्या वासावर करवून घेतलं. "खोबरं अजून कच्चं आहे, परता. आता पुरे, खाली उतरवा. खसखस कुठाय?" भरायचं आणि कातायचं काम माझ्याकडे. पहिल्या चाळीसपैकी अकरा तेलात फुटल्या. सारण जळून तेल काळं झालं, घरभर करपल्याचा वास. शकूमावशी म्हणाल्या, "मास्तर, कडेला दूध लावलंत का?" दूध लावायचं असतं हे गेली छत्तीस वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगायचं होतंस, दर वर्षी तूच तर कातणं घेऊन बसायचीस. पुढच्या चाळीसपैकी दोनच फुटल्या. प्रगती आहे.

चांगल्या निघालेल्या तीस, चकल्या आणि शंकरपाळे पवारांच्या सुनेबरोबर पाठवतोय. ती २० तारखेला फ्रँकफर्टला उतरेल, तिथून तुला पोस्टाने टाकेल. "फराळ पाठवू नका, इथे कोणी खात नाही" हे तुझं म्हणणं मी ऐकलंय. तू खा ना. तुपात सुंठ घालून केलेल्या वड्या वेगळ्या डब्यात आहेत, त्या फक्त तुला. सुंठ कशाला, ते विचारू नकोस, माझं वचन मोडेल.

तू पाठवलेला तो कागदी ताऱ्याचा फोटो मी चष्मा पुसून पुसून पाहिला. हर्नहूटचा तारा ना? तुमच्या ड्रेस्डेनमध्ये घरोघरी लागतो म्हणालीस. त्याबद्दल मी वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने. दोनशे वर्षांपूर्वी मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या बोर्डिंग शाळेत पोरांना भूमिती शिकवायला म्हणून तो तारा निघाला! सतरा चौकोनी टोकं, आठ त्रिकोणी, मिळून पंचवीस. मला आधी सतरा का, हे कळेना. मग कागदावर आकृती काढली. मूळ घनाला अठरा चौरस आणि आठ त्रिकोण असतात. अठराव्या चौरसातून दिव्याची वायर आत जाते, म्हणून तिथे टोक नाही. मी एकटाच हसलो. तीस वर्षं नववीला घनाकृती शिकवल्या, पण हा एक तारा वर्गात टांगला असता तर निम्मा धडा संपला असता.

आपला तारा मी अजून जुन्याच पद्धतीने करतोय. दहा कामट्या, पाच-पाचाचे दोन तारे, टोकं सुतळीने एकमेकांना बांधायची, आतल्या पाच कोनांत आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. टोकाचा कोन ३६ अंश, तू तिसरीत असताना पाढ्यासारखा पाठ म्हणायचीस. वरून पतंगाचा लाल-पांढरा कागद, खळ आपल्या मैद्याचीच. आत नऊ वॅटचा एलईडी. गल्लीत सगळ्यांचे प्लॅस्टिकचे तारे आहेत, चमकतात आणि गाणीसुद्धा म्हणतात. आपला मुकाच आहे. तू खिडकीत लावलायस ना एक? खिडकी रात्री नीट बंद करून घेत जा. तिथे शून्याच्या आसपास असतं म्हणालीस. इथे दहाला आलं की मी कानटोपी काढत नाही.

झालं बघ. लिहायचं नव्हतं.

पण करुणा, अठरा दिवस झाले. मी मोजतो, मला मोजायची सवय आहे. २६ नोव्हेंबरच्या फोनवर पहिल्यांदा ऐकला, कोरडा होता. रविवारी बोलता बोलता तू दोनदा फोन लांब धरलास. तुला वाटलं मला कळत नाही. हळदीचं दूध घे, वाफ घे, गळ्याला काहीतरी गुंडाळ, रात्रपाळीहून येताना ट्राम चुकली तर चालत येऊ नकोस, आणि एकदा छातीचा फोटो काढून घे. तुझ्याच हॉस्पिटलमध्ये मशीन आहे, तिकडच्या मोठ्या बाईंना सांगितलंस तर पाच मिनिटांचं काम. थुंकीसुद्धा तपासून घे. आणि हे सगळं मी एका नर्सला सांगतोय.

"पप्पा, मी नर्स आहे, तुम्ही गणिताचे मास्तर आहात." बरोबर बोललीस. तुझा आवाज चढला त्याचं मला वाईट वाटलं नाही, वाटलं ते आईला. मला माफ कर. वरच्या परिच्छेदातलं काहीही करू नकोस. हळदीचं दूध तेवढं घे.

तुझ्या सोबतिणीने ६ डिसेंबरला तुझ्या बुटात चॉकलेट ठेवलं, संत निकोलसचा दिवस म्हणून, हे मी चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगितलं. आपल्याकडे ६ डिसेंबर म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वाढदिवस, १८६१चा. त्या दिवशी भजनी मंडळाने त्यांचीच भजनं घेतली. पेटीवर मी होतो. हल्ली पोरांना गिटार आणि कीबोर्ड हवा असतो, माझी त्याला हरकत नाही, पण टिळकांचं भजन गिटारवर म्हणजे भाकरी काट्या-चमच्याने खाण्यासारखं. त्या माणसाने अभंग आणि ओवी चर्चमध्ये आणली म्हणून तुझ्या पणजीला येशू स्वतःच्या भाषेत भेटला. नाहीतर विलायती चालीवर मराठी शब्द ओढून ताणून बसवलेले, कुठे श्वास घ्यायचा तेही कळायचं नाही.

कॅरल फेरी यंदा २० ते २३. आता पिकअप असते, तिच्यावर स्पीकर, पोरं मोटारसायकलवर मागे. एका घरी दोन गाणी, प्रार्थना, चहा, डबा फिरवायचा, पुढे. शेवटच्या घरी मसालेभात. आमच्या वेळी गावाकडे पायी होती. पुढे कंदील, मागे टाळ-ढोलकी, वस्तीवरची कुत्री आमच्याहून वरच्या पट्टीत.

कुसुमआत्या कंदील धरायची.

तुला हे कधी सांगितलं नाही असं आई म्हणते. सन बहात्तर. दुष्काळाचं साल, मी तेरा वर्षांचा, ती सतराची. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिकडे मिळणारं सुकडीचं गोड पीठ घरी आणायची. मिलो ज्वारीची लाल भाकरी आम्ही रोज खायचो आणि रोज तोंड वाकडं करायचो. तरी नाताळ आला तसं आजीने कुठून तरी वाटीभर गव्हाचं पीठ मिळवलं आणि करंज्यांत सुकडी भरली. माणशी एक. मी आयुष्यात खाल्लेली सगळ्यात चांगली करंजी ती, आणि हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.

त्या वर्षी कुसुमला फेरीला यायचं नव्हतं. अंगात कणकण होती, रात्री खोकायची. मी मागे लागलो. ती नसली की कंदील मोठ्या पोरांकडे जाई आणि मला मागे ढकलून देत. म्हणून मागे लागलो. चार रात्री चालली ती, आजीची गोधडी पांघरून. तिसऱ्या रात्री ती गाण्यात मध्येच खोकली, तर मी त्या तालावर टाळ मारला. सगळे हसले. तीपण हसली, खोकत खोकत.

जानेवारीत तिला वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यात नेलं. पुढच्या नाताळला कंदील माझ्याच हातात होता.

आता औषधं आहेत, सहा महिन्यांत माणूस धडधाकट होतो, हे मीच वर्गात पोरांना सांगायचो. तुला तसलं काही असेल असं मी म्हणत नाही. थंडी आहे, हवा कोरडी आहे, नवीन जागा. मला सगळं कळतं.

विषय बदलतो. तुमच्याकडे २४ला रात्री घरोघर बटाट्याची कोशिंबीर आणि उकडलेलं सॉसेज खातात, हे खरं का? मी दोनदा वाचलं. वर्षाच्या सणाला बटाटा! आई म्हणते, त्या बायका शहाण्या आहेत, त्यांनाही चर्चला जायचं असतं. तुझ्या फोटोतला तो नाताळचा केक, श्टोलन, मात्र मला पटला. पिठीसाखरेने पांढराफटक केलेला, कापडात गुंडाळलेलं बाळ दिसावं असा. पाळकसाहेबांना दाखवला, ते उपदेशात घेणार आहेत. आणि तो श्ट्रीत्सेलमार्कट, तुमचा नाताळचा बाजार, १४३४ पासून भरतो म्हणतेस. आपलं नगर वसलं १४९०ला. म्हणजे तुमचा बाजार आमच्या शहरापेक्षा छप्पन्न वर्षांनी मोठा. हे मी अण्णांना सांगितलं तर ते रागावले.

तू २४ आणि २५, दोन्ही रात्रींची ड्यूटी मागून घेतलीस, ज्यांना लेकरं आहेत त्यांना घरी जाता यावं म्हणून, हे आईने मला काल सांगितलं. तू मला सांगितलं नव्हतंस. मी मंडळीत अजून कोणाला बोललो नाही, कारण बोलताना माझा आवाज नीट राहत नाही. आजोबा असते तर उठून उभे राहिले असते. १९७०ला आपलं चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हा लोक नावावरून भांडत होते, एक अमेरिकन मिशनवाले, एक इंग्रजांच्या एसपीजी मिशनवाले, आणि आजोबा म्हणाले होते, "नाव कोणतंही द्या, आजाऱ्याजवळ रात्री कोण बसतं तेवढं सांगा." मला तेव्हा ते नुसतं चिडून बोलल्यासारखं वाटलं होतं.

आणि तरीही दोन रात्री लागोपाठ, या खो... या थंडीत. एक रात्र पुरली नसती का? नाही, तू ठरवलंयस, ठीक आहे. २६ला तिकडे सुट्टी असते ना? दिवसभर झोप. चर्चला नाही गेलीस तरी चालेल, असं मंडळीच्या एका पंचाने (म्हणजे मी) लिहून ठेवलंय, दाखव कोणी विचारलं तर.

२५ला आम्ही सकाळी साडेआठला उपासनेला बसू. तुमच्याकडे पहाटेचे चार, तू वॉर्डात असशील. दुसऱ्या गीतानंतर बबी व्हिडिओ लावणार आहे, वेळ मिळाला तर दोन मिनिटं बघ. मी डावीकडे पेटीवर आहे, आईचा काळा चष्मा दिसेल.

पार्सलमध्ये पिवळ्या कापडात कुसुमआत्याचं मफलर आहे. आजीने विणलेलं, दोन टोकं उसवली होती, ती शकूमावशींनी धरली. आईला वाटतं मी ते सहज ठेवलं.

आईचा आशीर्वाद. तिला आज लिहिता येत नाही, पुढच्या वेळी लिहील.

तुझे,
पप्पा

ता.क. फोटो काढलास तर रिपोर्ट आईच्या फोनवर टाकू नकोस, माझ्या टाक. ती रोज सकाळी साडेदहाला डोळ्यात थेंब घालून अर्धा तास पडून असते. तेव्हा फोन केलास तरी चालेल.