क्लिप शेवटपर्यंत पाहणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. आभार मानू नका असं मात्र म्हणाला नव्हतात. तेव्हा माझी व्हिडिओ क्लिप सगळ्यांच्या फोनवर चालती केलीत, त्याचे आभार चारचौघांत मानतो, रागवू नका.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. बॉबिन केसमध्ये, म्हणजे तळाच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीत, दोरा कसा भरायचा, एवढंच दाखवणारी छोटी क्लिप मला वेबसाइटवर टाकायची होती. 'टाका सैल पडतोय', 'तळाचा दोरा वर येतोय' म्हणून लोक अख्खं मशीन उचलून आणतात आणि बऱ्याचदा दोरा केसवरच्या ताण देणाऱ्या पत्तीखाली गेलेला नसतो, बाकी काही बिघडलेलं नसतं. हे समोर दाखवलं की कुणालाही जमतं. शब्दांत सांगायला गेलं की समोरचा 'हो हो' म्हणतो आणि पुन्हा तसंच करतो.

फोनवर शूटिंग छान झालं, माझ्या फोनवर चाललंही. बाकीच्यांकडून तक्रारी सुरू. कुणाला नुसता आवाज, चित्राच्या जागी काळा चौकोन. कुणाकडे काहीच हलेना.

मग मी मदत मागायला निघालो, आणि ज्यांच्या दारात गेलो त्यांचा राग अजून गेलेला नाही. एका साहेबांनी स्वतःच्या लॅपटॉपवर क्लिप लावली, 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणाले आणि विषय मिटवला. दुसऱ्याने फाइलच्या नावाचं 'एमओव्ही' हे शेपूट काढून 'एमपी४' लावलं आणि त्याचे पैसे घेतले. तिसऱ्याचं म्हणणं, लोकांना सांगा, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकून घ्या. अहो, सुईत दोरा ओवून बसलेल्या बाईने हातातलं काम टाकून आधी नवं सॉफ्टवेअर बसवायचं का? आणखी एका हुशार गृहस्थांनी तीच क्लिप 'एव्ही१'मध्ये करून दिली. फॉरमॅट २०१८चा, उत्तम, फाइल एकदम हलकी. पण ॲपलच्या सफारी ब्राउझरवर तो चालतो फक्त ज्यांच्यात त्याची सोय चिपमध्येच केलेली आहे अशा उपकरणांवर, आणि ॲपलने ती सोय २०२३पासून द्यायला सुरुवात केली. जुने आयफोनवाले बसले तसेच.

तुम्ही फाइल उघडण्याआधी विचारलंत, "हे बघणार कोण, आणि कशावर?" त्याआधी हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

नाव बदलून काम का झालं नाही, तेही तुमच्याकडूनच समजलं. एमपी४ किंवा एमओव्ही हे नुसतं पाकीट. आतला मजकूर कुठल्या लिपीत आहे ते महत्त्वाचं, आणि माझ्या फोनने तो एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६५मध्ये लिहिला होता. ती लिपी २०१३ सालची, जागा कमी खाणारी, पण पेटंटच्या भानगडींमुळे बऱ्याच ब्राउझरांनी ती आपलीशी करायला वेळ लावला, आणि अजूनही ती सगळ्या उपकरणांवर चालतेच असं नाही. आवाज मात्र एएसीत होता, तो जवळपास सगळ्यांना वाचता येतो. म्हणून आवाज यायचा आणि चित्र नाही!

तुम्ही निवडलंत ते एच.२६४, २००३ सालचं. आवाज एएसी, पाकीट एमपी४. यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते आधी कुणाला सुचलं नाही. पण इतकी वर्षं फोन, टीव्ही, कॅमेरे बनवणाऱ्यांनी हे वाचण्याची सोय थेट चिपमध्ये घातली आहे. त्यामुळे दमलेल्या जुन्या फोनवरही ते अडखळत नाही आणि बॅटरीही फारशी खात नाही. फाइल थोडी मोठी होते, होऊ दे. फाइलची अनुक्रमणिकाही तुम्ही शेवटून उचलून सुरुवातीला आणलीत. आता बटण दाबलं की क्लिप लगेच चालू होते, पूर्ण उतरायची वाट पाहावी लागत नाही.

पण ताई, हे पत्र मी फॉरमॅटसाठी लिहायला घेतलेलं नाही. ते ज्ञान आणखीही कुणाकडे असेल.

फाइल तयार झाल्यावर तुम्ही क्लिप पाहिलीत. चालते की नाही एवढ्यापुरती नाही, बसून, शेवटपर्यंत. आणि मला फोन केलात, "दोरा खाचेतून पत्तीखाली सरकतो ना, नेमका तिथेच तो दिसत नाहीये." पांढरा दोरा आणि मागे चकचकीत स्टीलची केस. फाइल लहान करताना ती बारीक रेघ स्टीलच्या चमकेत विरघळून गेली होती. माझी बोटं दिसत होती, केस दिसत होती, नव्हता फक्त दोरा. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच गायब.

तुम्ही शिवणकाम करत नाही. पत्ती म्हणजे काय, हे तुम्ही मलाच विचारलं होतं. तरी तो क्षण तुमच्या नजरेतून सुटला नाही. मग तुम्ही कडेचं रिकामं टेबल कापून टाकलंत, केस चौकटभर मोठी केलीत आणि दर्जा वाढवून फाइल पुन्हा बनवलीत. वर म्हणालात, इथे लोक थांबवून थांबवून मागे जातील, तर की-फ्रेम, म्हणजे पूर्ण साठवलेली चित्रं, कमी अंतरावर ठेवते, म्हणजे बोटाने सरकवलं की बरोबर त्याच जागी येईल. मी यातलं काही मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

शिलाईच्या धंद्यातही मी हे पाहत आलोय. काही कारागीर मशीन दुरुस्त करून देतात, आणि काही गिऱ्हाइकासमोर कापडाच्या तुकड्यावर चार टाके मारून, तो तुकडा उलटा करून त्याच्या हातात देतात. त्याचे जास्त पैसे कुणी देत नाही, न केलं तर कुणी विचारत नाही. बिलात न दिसणारं असं काम करणारी माणसं आहेत म्हणून बऱ्याच गोष्टी चालतात. 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणणाऱ्या साहेबांना हे कुणीतरी वाचून दाखवा. त्यांच्याकडे तर उघडेलच.

क्लिप आता सगळीकडे चालते. एका बाईंनी कळवलं की त्यांनी त्या जागी थांबवून, फोन मशीनला टेकवून ठेवून दोरा भरला आणि टाका घट्ट बसला.

पुढची क्लिप तेल कुठे आणि किती घालायचं याची आहे. या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' आधीच करून ठेवलंय, म्हणजे फोन थेट एच.२६४मध्येच लिहील, आणि दोरा असेल तिथे तो काळा घेणार आहे. तरी टाकण्याआधी एकदा तुम्हाला दाखवीन म्हणतो.

पैसे घेतले नाहीत, ते मला अजून पटलेलं नाही. तुमच्या आईंचं मशीन बरीच वर्षं जाम होऊन पडलंय, असं बोलता बोलता म्हणाला होतात. ते घेऊन या. नाही म्हणायचं नाही.

आपला,
मशीनवाला