दगड आणलात, पण चिठ्ठी कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कच्छच्या सहलीवरचा लेख वाचला. रणाचे फोटो भारीच आहेत, पण शेवटच्या फोटोत टेबलावर मांडलेले ते वळणावळणाचे गोल दगड आणि खाली "आठवण म्हणून आणलेले शंख" एवढंच, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. ते शंख नाहीत, अमोनाइट आहेत, म्हणजे फार जुन्या समुद्री प्राण्यांची दगड झालेली कवचं. मला या दगडांचा नाद आहे हे कळल्यापासून साताऱ्यातले लोक आपणहून बोलावून शोकेसमधले असे दगड दाखवतात, मी हातात घेते, मनापासून आनंद होतो आणि पहिला प्रश्न विचारते, कुठून उचलला? उत्तर येतं, कच्छ. अहो कच्छ म्हणजे देशातला सगळ्यात मोठा जिल्हा, त्यातलं कुठलं गाव, कुठला डोंगर, काहीच नाही.

अमोनाइट म्हणजे माकूळ आणि ऑक्टोपसच्या नात्यातला समुद्रातला प्राणी, फक्त याला बाहेरून गुंडाळलेलं कवच होतं. प्राणी राहायचा सगळ्यात बाहेरच्या खोलीत, वाढला की पुढं सरकायचा आणि मागं एक भिंत घालायचा, असं करत करत मागं रिकाम्या खोल्यांची रांगच तयार व्हायची, आणि त्या सगळ्या भिंतींमधून एक बारीक नळी गेलेली, तिच्यातून खोल्यांमधलं पाणी काढून घ्यायचं आणि आत वायू भरायचा, त्यामुळं एवढं कवच घेऊन पण तो पाण्यात तरंगू शकायचा. भिंत कवचाला जिथं चिकटते तिथं एक वाकडीतिकडी रेघ असते. वरचं कवच झिजलं की ती दिसते, आणि जात ओळखायला तज्ज्ञ लोक ती रेघ, कवचावरच्या बरगड्यांसारख्या कडा आणि वेटोळ्याची जाडी हे सगळं बघतात. आकार म्हणाल तर बोटाच्या नखाएवढे पण असतात, आणि जर्मनीत १८९५ साली सापडलेला एक तर पावणेदोन मीटर व्यासाचा आहे!

हे प्राणी साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत समुद्रात होते. पण एकेक जात फार काळ टिकायची नाही, भराभर बदलायच्या, आणि टिकायच्या तेवढ्यात लांबलांबच्या समुद्रांत पसरायच्या. म्हणूनच खडकाच्या थरात कुठली जात आहे यावरून तो थर केव्हाचा हे ठरवता येतं, आणि कच्छमधला थर युरोपातल्या कुठल्या थराच्या वेळचा हे पण जुळवता येतं. आता मला सांगा, दगड कुठल्या थरातला हेच माहीत नसेल तर यातलं काय करता येणार? दगड सुंदर दिसतो ते ठीक आहे, पण त्याच्यातली निम्म्याहून जास्त माहिती ज्या जागेवरून उचलला तिथंच राहिली.

कच्छचंच बघा. फर्डिनांड स्टॉलिच्का नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७१-७२ च्या सुमाराला तिथं फिरून अमोनाइट गोळा केले. पुढं १८७४ मध्ये हा माणूस मध्य आशियातल्या यारकंदहून परत येताना लडाखमध्ये वारला, वय फक्त ३६. पण त्याने कुठलं काय उचललं याची नोंद ठेवली होती, म्हणून विल्यम वागेनला १८७३ ते १८७५ मध्ये त्या कलेक्शनवर ग्रंथ लिहिता आला, आणि १९२७ ते १९३३ मध्ये स्पाथ या जीवाश्मतज्ज्ञाला कच्छच्या सगळ्या अमोनाइटची नव्याने छाननी करता आली. गोळा करणारा गेला तरी काम थांबलं नाही, ते नोंदींमुळं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता आपल्याकडचं. बरेच जण व्हॉट्सअपवर फोटो पाठवतात, ताई आमच्या शेतात अमोनाइट सापडला. तो सापडणार नाही. सातारा-सांगलीचा आपला काळा पाषाण हा लाव्हा आहे, समुद्राच्या तळाचा गाळ नाही, त्यात कवचं टिकण्याचा प्रश्नच नाही. फोटोतले गोल गोल पापुद्र्यांचे दगड म्हणजे बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखा सुटत जातो तो प्रकार. विहीर खणताना किंवा खाणीत पांढऱ्या, हिरवट स्फटिकांच्या गारगोट्या निघतात त्या पण लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये नंतर तयार झालेल्या, त्या सुद्धा जपून ठेवण्यासारख्या आहेत बरं का, पण तो वेगळा विषय. मला थक्क करतं ते असं की हा आपला लाव्हा ओतला जात होता तो काळ आणि अमोनाइट संपले तो काळ एकच, ६.६ कोटी वर्षांच्या आसपास. मेक्सिकोत चिक्शुलूबला उल्का आदळली ती पण तेव्हाच, आणि त्या विनाशात उल्केचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्हाचा किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. म्हणजे अजिंक्यताऱ्यावर उभं राहिलं की पायाखाली त्यांच्या शेवटाच्या काळातला खडक असतो, आणि हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही!

आणि तरीही सातारा जिल्ह्यात अमोनाइट पिढ्यानपिढ्या आहेत. देवघरात. शाळिग्राम म्हणजे नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या बाजूला काळी गंडकीच्या पात्रात मिळणारे काळे गोटे, आणि त्यातलं चक्र हे बहुतेक वेळा अमोनाइटचं किंवा त्याच्या ठशाचं. हिमालय वर यायच्या आधी तिथं टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ आज इतक्या उंचीवर आहे. हे सांगितलं की काही जणांना वाटतं मी देवाला दगड म्हणतेय. तसं अजिबात नाही, आमच्या घरी पण रोज पूजा होते, तुळशीच्या लग्नाला तोच शाळिग्राम असतो, आणि तो किती जुना आहे हे कळल्यावर माझा भाव तरी वाढलाच. आमच्या आजेसासऱ्यांनी तो यात्रेहून आणला तेव्हा देवांच्या डब्यात एक कागद पण ठेवला होता, त्यावर मुक्तिनाथ आणि महिना लिहिलेला. एवढ्याशा कागदामुळं आज मी तो खडक कुठला हे सांगू शकते. वाई, कऱ्हाड, औंध, सांगली, मिरज इकडं किती घरांत जुने शाळिग्राम असतील, आणि ते कुठून कुणी आणले हे माहीत असणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना आत्ताच विचारा, दिवाळीपर्यंत थांबू नका.

उचलूच नये का, असं काही जण विचारतात. माझं मत, सुटा पडलेला एखादा ठीक, पण छिन्नी-हातोडा घेऊन थर फोडायचा नाही. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावर असाच नियम आहे, किनाऱ्यावर सुटा पडलेला घ्या, कड्यात परवानगीशिवाय खणू नका, आणि महत्त्वाचं सापडलं तर नोंदवा. तिथं तर समुद्र रोज कडा झिजवून नवीन काढून देतो. कच्छमध्ये तसं नाही, पट्टा उघडा पडायला फार काळ लागतो आणि बस भरून आलेली सहल एका दुपारी तो साफ करते. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी कायद्याचा मसुदा काढला होता, तो नीट कायदा होऊन यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि ऑनलाइन मादागास्करचे पॉलिश केलेले मिळतात ते शोभेला ठेवा, पण त्यांच्याबरोबर थराची माहिती जवळपास कधीच येत नाही.

तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यात अमोनाइट सापडतात, तिथं वारणवासीला जीवाश्मांचं म्युझियम उभं राहिलं. आपल्याला बिल्डिंग नको. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या कॉलेजने काचेचं एक कपाट द्यावं, ज्यांच्याकडं सहलीतून आणलेले दगड धूळ खात पडलेत त्यांनी ते तिथं द्यावेत, देवघरातले अर्थातच घरीच राहू देत, त्यांचा फक्त फोटो आणि माहिती. आणि तुम्हाला विनंती, सहलींवरचे लेख छापता तेव्हा बाजूला छोटी चौकट द्या की दगड उचललाच तर त्याच दिवशी कागदावर लिहा, गाव, डोंगर किंवा ओढा, सुटा होता की थरात, तारीख, कुणी उचलला, मोबाइलवर लोकेशन मिळत असेल तर ते पण, आणि कागद दगडाबरोबरच बांधा. कपाट मिळालं तर चिठ्ठ्या लिहायला मी दर रविवारी येईन.

आपली,
एक वाचक, सातारा