पुस्तकांची यादी मार्चमध्ये नको, जूनमध्ये करा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सांगलीकडच्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एक नोटीस फिरते, विभागाला लागणाऱ्या पुस्तकांची यादी तीन दिवसांत ग्रंथालयात द्या, ग्रँट ३१ मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे. मी २६ वर्षं भूगोल शिकवला, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, आणि त्यातली निदान १५ वर्षं मी ती यादी कशी केली ते आज खरं खरं लिहितो. विक्रेत्यानं आणून ठेवलेला कॅटलॉग उघडायचा, दोन लेक्चरच्या मधल्या वेळेत नावांवर टिका मारायच्या, खाली एचओडीची सही, झालं. कपाटात आधी काय आहे, पोरं काय मागतात, हे विचारायला मी एकदाही खाली ग्रंथालयात उतरलो नाही आणि ही चूक माझीच होती.

एका वर्षी आमच्या ग्रंथपाल मॅडमनी मला बोलावून घेतलं. टेबलावर पुस्तकांचा ढीग लावलेला, म्हणाल्या, "सर, ही सगळी गेल्या तीन वर्षांतली तुमच्या यादीतली. मागचं पान उघडून बघा." मी उघडत गेलो तर अर्ध्याहून जास्त पुस्तकांच्या डेट स्लिपवर (पुस्तक घरी दिलं की तारखेचा शिक्का मारतात ती चिठ्ठी) एक शिक्का नाही, कोरी करकरीत. मग त्यांनी दुसरं एक पुस्तक पुढं केलं, प्रात्यक्षिक भूगोलाचं मराठी पुस्तक, त्याला एकावर एक तीन स्लिपा चिकटवलेल्या, बाइंडिंग सुटलेलं, आणि अख्ख्या कॉलेजात त्याच्या प्रती दोन. वर्गात पोरं साठच्या वर. मला काय बोलावं सुचेना.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही बरं का. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची अशी मोजणी झाली होती, १९७९ ला ती छापून आली, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुढच्या ६ वर्षांत एकदासुद्धा कुणी घरी नेली नव्हती. एवढ्या पैशावाल्या विद्यापीठात ही गत, तर आपल्याकडं जिथं एकेक पुस्तक घासाघीस करून घेतलं जातं तिथं किती जपून निवडायला पाहिजे.

त्या दिवसानंतर आम्ही महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसायला लागलो आणि तेव्हा कळलं की आम्हा दोघांनाही अर्धं अर्धंच ठाऊक होतं. एक उदाहरण सांगतो. वाळव्याचा एक मुलगा आपल्या तालुक्याची जुनी माहिती शोधत होता, सांगली जिल्ह्याचं ब्रिटिश काळातलं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) मागायचा, मी त्याला म्हटलं कोल्हापूरला विद्यापीठात जाऊन बघ. मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, सर, ते मिळणारच नाही, सांगली जिल्हा तेव्हा होताच कुठं? १९४९ ला दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं, म्हणून वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये बघायचं. मी भूगोलाचा मास्तर, जिल्ह्याच्या हद्दी मलाच शिकवायच्या असतात, पण कुठल्या पुस्तकात काय सापडतं ही नजर त्यांची.

उलटंही झालं. जुनी पुस्तकं बाद करायचं काम निघालं होतं, निर्लेखनाची यादी माझ्याकडं सहीला आली. पूर्वी डोळे झाकून सही केली असती, पण आता बसायची सवय लागली होती म्हणून मी जाऊन ढीग बघितला, तर त्यात १९६१ च्या जनगणनेचं सांगली जिल्ह्याचं हँडबुक, कव्हर गेलेलं, वाळवी लागायला आलेलं. त्यात गाववार लोकसंख्या आहे. आपल्या विटा-आटपाडी भागातले लोक सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यासाठी देशभर गेले, कुठलं गाव किती रिकामं झालं हे बघायचं तर ते जुने आकडे पाहिजेतच. दहा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळं मॅडमच्या हिशोबानं ते बाद करण्याच्याच लायकीचं होतं, त्यांचंही चुकलं नव्हतं. पुढं एका मुलीनं त्यावर २०११ चे आकडे लावून प्रोजेक्ट केला, फार चांगला केला. म्हणजे नुसता शिक्का मोजूनही चालत नाही, पण शिक्का न बघता तर अजिबातच चालत नाही.

आणि २०१९ चा पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर, शहरातल्या जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली, ते ढिगारे ज्यांनी बघितले त्यांना विसरता येणार नाहीत. कॉलेज सुरू झाल्यावर प्रत्येक पोराला पुरावरच प्रोजेक्ट करायचा होता आणि आमच्या कपाटात पुरावर जी पुस्तकं होती ती सगळी दुसरीकडच्या नद्यांची. कृष्णेवर, वारणेवर काही नाही. आम्ही दोघांनी मिळून एक कप्पा उभा केला. पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल आला तो प्रिंट काढून बाइंड केला, कोयना आणि अलमट्टी धरणांच्या पाण्याबद्दलची वर्तमानपत्रांची कात्रणं (तुमच्या अंकातलीही त्यात आहेत), पोरांनी आपापल्या गावात भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजून केलेले तक्ते, चांगल्या प्रोजेक्टच्या प्रती. हे काय घ्यायचं ते मी सांगत होतो, त्याला नंबर देऊन, नोंद करून, शोधलं की सापडेल असं ठेवायचं काम त्यांचं. कुठल्याच विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये यातलं काही मिळालं नसतं.

आता काही लोक म्हणतील सगळं ऑनलाइन मिळतंय, कशाला एवढा खटाटोप. ऑनलाइन आलंय, चांगलंच झालंय. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची एन-लिस्ट योजना कॉलेजांना थोडक्या पैशात हजारो जर्नल (संशोधनाची नियतकालिकं) ऑनलाइन देते, जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच वर्गणी भरायची केंद्राची योजना, सुरू झालंय, तीन वर्षांना ६,००० कोटी, १३,००० च्या आसपास जर्नल. पण हे पॅकेज वर दिल्लीत ठरतं, त्यात इंग्रजी जर्नल भरपूर, आपल्या हळदीवर, द्राक्षबागांवर, जतच्या दुष्काळावर मराठीत कुणी अभ्यास करून पुस्तक काढलं तर ते त्यात येणार नाही, ते आपल्यालाच शोधून आणावं लागणार. आणि जे आलंय त्याचा पासवर्ड तरी किती प्राध्यापकांनी उघडून बघितलाय? ग्रंथपाल नोटीस लावतात, वर्गात सांगायचं काम आपलं, आपण सांगत नाही.

शिवाजी विद्यापीठ १९६२ ला झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा तीन जिल्हे त्याच्याखाली. विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय मोठं आहे, पण जतच्या किंवा माण-खटावच्या पोराला तिथं जाऊन यायचं तर दिवस मोडतो, भाडं वेगळं. त्याच्यासाठी कॉलेजातली चार कपाटं हेच विद्यापीठाचं ग्रंथालय. म्हणून म्हणतो, विद्यापीठ कुठलंही असो, अभ्यासक्रम बदलताना शेवटी संदर्भग्रंथांची जी यादी जोडतात ती करताना एखादा ग्रंथपाल बैठकीला बसवा, नाहीतर बाजारातून कधीच गेलेली पुस्तकं यादीत येत राहतात आणि पोरं ती शोधत दुकानं पालथी घालतात. जूनमध्ये विभागाची पहिली मीटिंग होते तिथंही ग्रंथपालांना खुर्ची द्या, गेल्या वर्षी कुठलं पुस्तक किती वेळा घरी नेलं त्या इश्यूचा हिशोब समोर ठेवा, आणि निम्मी खरेदी दिवाळीच्या आत उरका. मिरज, सांगली, इस्लामपूर, कराडच्या कॉलेजांनी एकमेकांना विचारून महागडे संदर्भग्रंथ वाटून घेतले तरी किती पैसे वाचतील. ग्रंथपालाची जागा जिथं रिकामी आहे तिथं यातलं काहीच होणार नाही, क्लार्कवर चार्ज टाकून निवड होत नसते, त्या जागा आधी भरा.

ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो ते डॉ. रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्ये त्यांनी जे पाच नियम मांडले त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हे दोन आहेत. हे दोन्ही जुळवायचं तर वर्गातला माणूस आणि काउंटरवरचा माणूस एका टेबलाशी बसायला लागतोच.

आमच्या मॅडमनी काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती, कुणी पुस्तक मागितलं आणि ते नसलं की तारीख, वर्ग, पुस्तकाचं नाव लिहायचं. आमची महिन्याची बैठक त्या वहीपासूनच सुरू व्हायची आणि माझ्या शेवटच्या दहा वर्षांतली सगळी खरेदी त्यातून झाली. मॅडम येत्या मे महिन्यात रिटायर होतायत, त्यांच्या जागेवर कोण येणार ते अजून ठरलेलं नाही, आणि परवा भेटल्या तेव्हा मला विचारत होत्या, सर, ही वही कुणाच्या हातात देऊ?

आपला,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापक,
विश्रामबाग, सांगली