सदनिका ३०४ मधल्या रेडियम मशीनच्या आवाजाबाबत

दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
डोंबिवली (पूर्व)

विषय : आपल्या २ ऑगस्टच्या नोटिशीला उत्तर

स.न.वि.वि.

‘३०४ मध्ये कारखाना सुरू असून रात्री छन्नी-हातोड्यासारखा आवाज येतो, आठ दिवसांत यंत्र हलवावे,’ अशी नोटीस मिळाली. आठ दिवस काल संपले. यंत्र हललेलं नाही. पण आवाज बराचसा गेलाय, आणि तो कसा गेला हे ऐकून घेतल्याशिवाय मीटिंगमध्ये काही ठरवू नये, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी ‘कारखान्या’चं. घरात मशीन एकच आहे, २८ इंची कटर प्लॉटर. दुकानाच्या काचेवरची अक्षरं, रिक्षाच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, दारावरची नावं, असं सगळं त्यावर कापलं जातं. आपण त्याला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम औषधालाही नसतं. ते चिकट पाठीचं व्हिनाइल. स्टेशनजवळचा गाळा सोडावा लागला. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागूनच येते, त्यामुळे नंबर प्लेटचं कामही आटलं. म्हणून मशीन घरी आलं. गिऱ्हाईक घरी येत नाही. काम मोबाइलवर येतं, माल मी स्वतः पोचता करते.

रात्रीचं मात्र कबूल. गणपती यंदा २७ ऑगस्टला, मंडळांची कामं जुलैपासून अंगावर आली, आणि मी तीन वेळा साडेअकरापर्यंत मशीन चालवलं. नियमात रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरतात आणि निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी नोटीस आल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. त्याबद्दल माफी मागते.

नोटीस मिळाली त्या संध्याकाळी मी ती हातात घेऊन तरातरा खालच्या २०४ मध्ये काकांकडे गेले होते. भांडायलाच. काकांनी भांडू दिलं नाही. म्हणाले, “बस. मुलाला फोन कर आणि मशीन चालू करायला सांग.” त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून मी माझंच मशीन पहिल्यांदा खालून ऐकलं. खरं सांगते, लाज वाटली. वर जी मला नुसती कुरकुर वाटते, ती खाली कुणी पाट्याला टाकी लावत बसल्यासारखी ऐकू येते.

काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, हे तुम्हाला माहीत आहेच. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “हा एक आवाज नाही गं. तीन आहेत. एक गुणगुण, एक खडखड, एक धम्म. एकेक सोडवू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून ते जिन्याने वर आले. (लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद.) आधी प्लग काढायला लावला. मग कॅरेज, म्हणजे पातं घेऊन इकडून तिकडे पळणारी डबी, हाताने हळूहळू सरकवायला सांगितली. डाव्या टोकापासून वीतभर अंतरावर ती दर खेपेला किंचित अडखळायची. “एकाच जागी अडते ना? मग मोटरला दोष देऊ नकोस, वाटेत काहीतरी आहे.” मोबाइलचा टॉर्च लावला. दातेरी पट्ट्याच्या दोन दातांमध्ये काहीतरी लाल चमकलं. भुवयांच्या चिमट्याने ओढून काढलं तर मसुराच्या डाळीएवढा गोल तुकडा.

अनुस्वार होता तो. कुठल्याशा ‘मंडळ’चा.

एक निघाला म्हणून आणखी शोधलं. आणखी चार निघाले, एक पिवळा, तीन लाल. पट्टा पुलीवरून वळताना तो चिकट ठिपका दातांखाली यायचा आणि पट्टा टणकन उडायचा. खडखड ती. मागच्या आठवड्यात एका मंडळाने ‘मडळ’ आलंय म्हणून स्टिकर परत पाठवला होता, त्याचाही उलगडा झाला.

पण अनुस्वार सुटतात का? काकांनी पातं नखावर टेकवून बघितलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. आठ महिने तेच पातं. बोथट पात्याने मोठं अक्षर कसंबसं कापलं जातं, पण टिंबाएवढा गोल पुरता मिटत नाही. पातं त्याची कड उचकटतं, पाठीला गोंद असतोच, मग तो कॅरेजला चिकटून पट्ट्यापर्यंत जातो. देवनागरीत काम करणाऱ्याला हे टिंबाचं दुखणं जास्त; इंग्रजीवाल्यांना आय आणि जे सांभाळले की झालं. त्यातून मी काय केलं, तर कापत नाही म्हणून दाब वाढवत गेले आणि पातं आणखी बाहेर काढत गेले. मग ते व्हिनाइल कापून खालचा कागद चिरून त्याच्याही खालच्या पट्टीवर खरडायला लागलं. पाट्याला टाकी लावल्यासारखं वाटत होतं त्यात निम्मा वाटा या खरडण्याचा.

नवीन पातं बसवलं, साधं ४५ अंशाचं. ते किती बाहेर ठेवायचं हे तुकडा कापूनच ठरवायचं. व्हिनाइल सोलल्यावर मागच्या कागदावर नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ दिसली पाहिजे. कागद चिरला तर पातं आत घ्यायचं. त्याच वेळी पट्टाही सैल निघाला, लांबीच्या मध्यावर दाबला की मागच्या पत्र्याला लागत होता. काकांनी बाजूचा स्क्रू जेमतेम पाव फेरा पिळला. मी म्हटलं, आणखी आवळा. म्हणाले, “फार ताणलास तर पट्टा गप्प बसेल आणि मोटरची बेअरिंग रडायला लागतील.”

तेलाबद्दल बोलणी खाल्ली तीही सांगून टाकते. जूनमध्ये आवाज वाढला तेव्हा मी रेलवर शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं. चार दिवस मशीन शांत. मग त्या तेलात धूळ आणि व्हिनाइलचा भुसा बसून काजळीसारखा काळा लगदा झाला आणि कॅरेजची चाकं त्यातून चालायला लागली. ते सगळं स्पिरिटच्या फडक्याने पुसलं. सहा फडकी काळी झाली.

गुणगुण पूर्ण जाणार नाही, हे आत्ताच सांगते. माझ्या मशीनला स्टेपर मोटर आहेत. त्या अखंड फिरत नाहीत, बारीक बारीक पावलं टाकत फिरतात, आणि पावलांचा वेग पत्र्याच्या थरथरीशी जुळला की अख्खं मशीन गायला लागतं. मला वाटायचं वेग कमी केला की आवाज कमी. तसं नाही. आमचं मशीन ३०० मिलिमीटर सेकंदाला सर्वांत जोरात गातं, त्याहून ४०० ला कमी. आता २०० वर ठेवलंय. बारीक अक्षरांच्या कामात वेळेचा फारसा फरक पडत नाही, कारण तेवढ्याशा वळणांत मशीन पुरता वेग घेतच नाही.

राहिला धम्म. तुमच्या नोटिशीतला हातोडा तो हाच असणार. मी स्टँड बेडरूमच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, चारही चाकं सरळ फरशीवर. पन्नास मीटरचा जड रोल मागे अडकवलेला. मशीन कागद पुढे ओढायचं तेव्हा रोल हिसका द्यायचा, स्टँड भिंतीला धडकायचा, आणि भिंत व स्लॅब तो हिसका जसाच्या तसा खाली पोचवायचे. स्टँडच्या पायापाशी वाटीत पाणी ठेवून बघितलं. दर हिसक्याला पाण्यावर वर्तुळं. आता स्टँड भिंतीपासून हातभर पुढे आहे, खाली वॉशिंग मशीनचे जाड रबरी पॅड आहेत. कामापुरता तुकडा आधी कापून घेते, त्यामुळे रोल ओढायचाच नाही. वाटीतलं पाणी हलत नाही असं म्हणणार नाही. पण वर्तुळं दिसत नाहीत.

मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप पंचनाम्याला चालणार नाही, मान्य. पण एकाच मोबाइलने एकाच जागी, काकांच्या उशीवर, आधी आणि नंतर मोजलं. आधी ५३ च्या आसपास यायचं, आता ३९. पंखा लावला की मशीन चालू आहे की बंद, हे काकांना सांगता येत नाही.

आता एक गोष्ट तुमच्याकडची. तक्रारीत ‘पहाटे साडेपाचलाही धम्म’ असं आहे. मी साडेपाचला झोपलेली असते. काकांना पटेना. म्हणून शुक्रवारी रात्री मशीनची पॉवर केबलच काढून त्यांच्याकडे ठेवायला दिली. शनिवारी पहाटे त्यांचा फोन : “आवाज आला. केबल माझ्या उशाशी आहे.” दोघं खाली पंपरूममध्ये गेलो. पंप बंद झाला की पाइपातलं पाणी उलटं येतं आणि ते अडवणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आपटतो. २०४ च्या डक्टमधला पाइपाचा क्लॅम्प सैल आहे, तो त्या दणक्याने भिंतीवर बसतो. पंपाखालचं रबर तर कधीच झिजून गेलंय. मी नोटीस काढू शकत नाही, पण प्लंबर बोलवावा ही विनंती.

माझं म्हणणं एवढंच. मशीन सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते आठ चालेल. गणपतीच्या गर्दीतही रात्री नाही. घरातून काम करण्याच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज सोबत जोडला आहे, त्यावर कमिटी नियमाने ठरवील ते ऐकेन. नोटिशीतला ‘कारखाना’ हा शब्द मात्र मागे घ्यावा. आणि रविवारी अकरा वाजता तुम्ही व सचिव येऊन आवाज ऐकून जावा. माझ्याकडे नको, २०४ च्या बेडरूममध्ये. काकांनी हो म्हटलंय, पोहे त्यांच्याकडे.

जाता जाता. लिफ्टमधल्या पाटीवर गेली तीन वर्षं ‘कृपया दार बद करावे’ असं आहे. पांढऱ्या व्हिनाइलचा तुकडा शिल्लक आहे, तेवढा अनुस्वार मी लावून देते. त्याला लाच समजू नये.

आपली नम्र,
(सही)
सदनिका क्र. ३०४

सोबत : परवानगीचा अर्ज
प्रत : १) मा. सचिव २) काका, सदनिका क्र. २०४