टाके तीन, म्हणून विश्रांती पण तीनच दिवस?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना कोण कामाला हात लावू देत नाही, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं होतं, पण ज्या बाईचा गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला आणि त्यापायी ऑपरेशन करावं लागलं, तिला ना बाळंतिणीचा मान ना पेशंटचा. मांडीवर पोर नाही, पोटावर टाके तर तीन बारके, मग झालंय काय एवढं! माझ्या धाकट्या जावेचं ऐन नट्टीच्या, म्हणजे भात लावणीच्या दिवसात हे ऑपरेशन झालं, आणि ती घरी आल्या आल्या गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, आता शेतात कधी येणार म्हणून.

अहो, आत बहुतेक वेळा नळी कापून काढलेली असते, ती फुटली असेल तर अंगातलं बरंच रक्त पोटातच गेलेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला सावरायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पोट उघडलं असेल तर ६ आठवडे धराच. तोवर भरली घागर, गवताचा भारा नको म्हणजे नको. घरात हळूहळू चालायचं मात्र, नुसतं झोपून राहायचं नाही, आणि खोकला शिंक आली की पोटावर उशी दाबून धरायची.

जाऊ पहिले दोन दिवस पोटापेक्षा खांदाच धरून बसायची. सासूबाई म्हणाल्या वात भरलाय, बाम चोळा. वात कसला, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्यातला थोडा राहतो आणि दुखतं खांद्यात, दोन-तीन दिवसात जातं. पण पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला कळ येऊन खांदा दुखला तर बाम चोळत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

अंगावरून थोडं थोडं जाणं आठवडाभर किंवा जरा जास्त चालतं. पण ताप आला, घाण वास यायला लागला, चक्कर आली, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर लगेच दाखवायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत विचारून घ्या. नळी ठेवून नुसता गर्भ काढला असेल तर बीटा एचसीजीची, म्हणजे गरोदरपणातल्या हार्मोनची रक्ततपासणी डॉक्टर बास म्हणेपर्यंत करायची, बेळगावची बस लांब पडते म्हणून चुकवायची नाही.

आणि ती कुजबुज, एकच नळी राहिली, आता कसलं मूल! दुसरी नळी चांगली असेल तर राहतं की. परत नळीत राहण्याची शक्यता मात्र १०० त १० जणींना असते, म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की ६ व्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफी करून घ्यावी. पपई खाल्ली, घागर उचलली म्हणून हे होत नसतं, तेव्हा आधीच रडून बेजार झालेल्या पोरीला कोणी ते ऐकवू नये. फारच खचली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फोन फुकट लागतो.

दवाखान्यातून कार्ड मिळालं ते सगळं इंग्लिशमध्ये, घरात कोणाला वाचता येईना. काय करायचं, काय नाही, एवढं एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये छापून द्यायला काय हरकत आहे? आणि तो नुसता नवऱ्याच्या हातात न देता सासूला वाचून दाखवावा, कारण सुनेनं कामाला कधी लागायचं ते आमच्याकडे तीच ठरवते.

– एक वाचक, खानापूर तालुका