मांजराच्या कानात तेल नको, आपल्या डोळ्यांत घाला

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी घरगुती उपायांच्या चौकटीत एक उपाय छापून आला होता. मांजर सारखं डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल, तर खोबरेल तेलात लसणीच्या दोन पाकळ्या तांबूस होईपर्यंत तळाव्यात, तेल कोमट झालं की दोन्ही कानांत तीन-तीन थेंब सोडावेत, चार दिवसांत आराम पडतो, असा. हा उपाय मी तीन वर्षांपूर्वी, कुणी छापण्याच्या आधीच, स्वतःच्या अकलेनं करून बसलोय. तेव्हा त्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असं समजतो.

मी मिरजेत तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. मुख्य काम तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढण्याचं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, परत कानस. चाळीस वर्षं कानावरच पोट भरलंय. आमचा कारखाना म्हणजे दोन खणांची जागा आणि वर माळा. माळ्यावर पंढरपूरकडून आणलेले वाळके भोपळे रचलेले असतात. भोपळ्याला उंदरानं एकदा दात लावला की तो तंबोऱ्याच्या कामातून गेला. म्हणून आमच्या व्यवसायात मांजर हौसेनं पाळत नाहीत, ते कामावर असतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या मंडळींचाही वाटा आहे, पण त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आमच्या बोक्याचं नाव खर्ज्या. लहानपणी एका फोडलेल्या भोपळ्यात झोपायचा आणि आत घुरघुरायला लागला की तंबोऱ्याची चौथी, खर्जाची तार छेडल्यासारखं वाटायचं, म्हणून ते नाव पडलं. त्याच्या कानांची मजा मी कितीदा पाहिली आहे. मी तार लावत बसलो की हा समोर ढिम्म. मधेच एक कान माळ्याकडं वळायचा, दुसरा माझ्याकडंच. मला काहीसुद्धा ऐकू आलेलं नसायचं. पुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं की माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचं ऐकू येत नाही, मांजराचा कान साठ हजारांच्या पुढं जातो, आणि उंदरांचं आपसातलं चिरचिरणं बरंचसं त्या वरच्या पट्टीतच चालतं. जन्मभर कानाचा अभिमान बाळगलेल्या माणसाला हे ऐकून जरा ओशाळायला झालं.

तर ते श्रावणाचे दिवस होते. खर्ज्या डोकं झटकायला लागला. मागच्या पायानं कानामागं असा खाजवायचा की फळीवर पाय आपटून ठेका धरल्यासारखा आवाज यायचा. कानात पाहिलं तर काळपट, कोरडी, चहाच्या चोथ्यासारखी घाण. आमच्याकडं भोपळ्याचा भुसा, पॉलिशची धूळ, लाखेचा चुरा कायम उडत असतो. त्यातलंच काहीतरी गेलं असणार असं मी धरून चाललो. काडीला कापूस गुंडाळला आणि जेवढं आत जाईल तेवढं जाऊन कान साफ केला. थोडं बाहेर आलं, मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग आईची आठवण झाली. लहानपणी आमचा कान दुखला की ती लसणीचं तेल घालायची. पळीत तेल तापवलं, लसूण तळली आणि दोन्ही कानांत सोडलं. खर्ज्या माझ्या मनगटावर ओरखडा काढून माळ्यावर पळाला, तो रात्रभर खाली आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आला तेव्हा डावा कान पुरीसारखा टम्म फुगलेला होता.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो तर ‘इथं गाई-म्हशी बघतो, मांजराचं काय घेऊन आलात’ म्हणून परत पाठवलं. मग हार्मोनियमच्या रिकाम्या पेटीला भोकं पाडून, खर्ज्याला त्यात घालून सांगलीला नेला. रिक्षावाल्यानं वाटेत विचारलं, ‘पेटी दुरुस्तीला का?’ मी हो म्हटलं. आतून आवाज आल्यावर तो पुढं काही बोलला नाही.

डॉक्टरबाईंनी कानाला हात लावायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, ‘आत काय काय घातलंत?’ मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यांनी टेबलावरच्या कागदावर मांजराच्या कानाचं चित्र काढून दाखवलं. मांजराच्या कानाचं भोक सरळ आत जात नाही. आधी उभं खाली उतरतं, मग मोरीच्या पाइपाला बाक असतो तसं आडवं वळतं आणि त्या आडव्या भागाच्या टोकाला पडदा असतो. मी काडी घातली तेव्हा वरवरची थोडी घाण बाहेर आली, बाकीची मी ठासून वळणापाशी नेऊन बसवली. बंदुकीत दारू ठासतात तशी, हे शब्द माझे.

मग दिवा असलेल्या नळीतून त्यांनी दोन्ही कान पाहिले. पडदे शाबूत होते, नशीब. याचं महत्त्व मला नंतर कळलं. पडदा फाटलेला असेल तर वरून टाकलेली कुठलीही गोष्ट मधल्या कानात उतरते. एरवी चांगली असणारी काही औषधंसुद्धा तिथं पोचली की ऐकणं आणि तोल दोन्ही घालवू शकतात. म्हणून कानात आधी पाहायचं, मग टाकायचं. घरातलं मागचं उरलेलं ड्रॉप काढून घालायचं नाही, ते त्याच मांजराचं असलं तरी.

कानातली थोडी घाण काचेवर तेलाच्या थेंबात घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बघायला सांगितलं. पांढुरके, आठ पायांचे जीव चालत होते. धूळ नव्हती, भुसा नव्हता. कानातले माइट्स. गोचिडीच्या कुळातले, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना फार तर हलणारा पांढरा ठिपका दिसावा. कानातला मळ आणि कातडीवरचे स्राव खाऊन राहतात. अंड्यातून निघून, मोठा होऊन पुन्हा अंडी घालण्याइतका व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत खाज थांबली तरी काम संपलेलं नसतं. माझ्या पुतण्यानं भिंगाला मोबाइल लावून त्याचा व्हिडिओ काढला. तो पुढं फार उपयोगी पडला.

कान फुगला तो तेलानं नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. इतकं खाजवल्यानं आणि झटकल्यानं कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कातडी व कुर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं. पण आधीच चुरचुरणाऱ्या कानात काडी फिरवून आणि गरम तेल ओतून मी ते झटकणं वाढवलं, यात शंका नाही. तसाच सोडला असता तर कान आक्रसून सुकलेल्या आंबोशीसारखा झाला असता. त्यांनी भूल देऊन रक्त काढलं आणि पाळीला आरपार टाके घातले, गादीला घालतात तसे, म्हणजे पुन्हा मध्ये पोकळी राहू नये. दहा-बारा दिवस गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा. दारातून जाताना दोन्हीकडं आपटायचा आणि माझ्याकडं असा बघायचा की मी मान फिरवून घोडी घासत बसायचो. आज त्या कानाचं टोक किंचित मुडपलेलं आहे.

आता लसणीबद्दल, कारण आपल्या चौकटीतला तोच भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. माणसाला चालतं ते मांजराला चालतं असं नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या पोटात गेले की रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. कानात सोडलेलं तेल कानातच राहत नाही, झटकल्यावर अंगावर उडतं आणि मांजर ते चाटून साफ करतं, त्याचा स्वभावच तो. नुसतं साधं तेल माइट्सना गुदमरवतं आणि पूर्वी तसा उपचार करत, हेही डॉक्टरबाईंनीच सांगितलं, म्हणजे आपला उपाय अगदीच हवेतून आलेला नाही. पण दोन्ही कानांत, रोज, आठवडेच्या आठवडे तेल घालून मांजर घरात सुखानं नांदेल असं ज्याला वाटतं त्यानं खर्ज्याला भेटावं.

औषध म्हणून शेवटी मिळालं काय, तर मानेच्या मागं, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून कातडीवर सोडायचे थेंब. महिन्यानं पुन्हा एकदा. आणि कान धुवायचं एक पातळ औषध. कानाच्या बुडाशी बोटांनी चोळायचं, पचपच आवाज येतो, मग मांजराला खुशाल झटकू द्यायचं आणि बाहेर आलेलं कापसानं पुसायचं. जेवढं दिसतं तेवढंच. काडीला हात लावायचा नाही.

खरी कसोटी पुढं होती. माइट्स एका मांजराकडून दुसऱ्याकडं नुसत्या अंगाला अंग घासून जातात, कुत्र्याकडंही जातात. आमच्या ओळीत चार कारखान्यांत मिळून तीन मांजरं आणि एक कुत्रं. ती कुणा एकाची नाहीत. दूध एकाकडं, झोप दुसऱ्याकडं, बाळंतपण तिसऱ्याच्या माळ्यावर. सगळ्यांना एकाच वेळी औषध दिलं नाही तर महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. शेजारचे काका म्हणाले, ‘आमची मनी खाजवत नाही, मी का पैसे देऊ?’ मी पुतण्याचा व्हिडिओ दाखवला. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला, काकूंनी एकदाच पाहिला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी पैसे आले.

तेवढ्यात कुत्रं पाळणाऱ्या गृहस्थांनी उदारपणे सुचवलं की त्यांच्याकडं कुत्र्याच्या पिसवांचे थेंब आहेत, त्यातलेच थोडे मांजरांना घालू, खर्च वाचेल. मी फोन करून विचारलं म्हणून बरं. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं औषध असतं. कुत्र्याला त्याचं काही होत नाही, मांजराला मात्र त्यानं थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. वेष्टनावर कुत्र्याचं चित्र असेल तर ते कुत्र्यासाठीच, एवढं तरी आपल्या चौकटीत यायला हवं होतं.

तेव्हापासून रविवारी सकाळी वाद्यांच्या खुंट्यांना खडू लावायचा आणि खर्ज्याचे कान बघायचे, ही दोन्ही कामं एकाच बैठकीत होतात. फार काही नाही. कान उजेडाकडं वळवायचा. आतून फिकट गुलाबी, वास नाही, थोडासा फिकट तपकिरी मळ असला तरी हरकत नाही. असा कान असेल तर तो तसाच सोडायचा, उगीच धुवायचा नाही. काळा चुरा, पिवळा स्राव, आंबूस वास, लाली दिसली तर डॉक्टर. मान एका बाजूला कलली, मांजर गोल फिरायला लागलं, चालताना पडलं, बुबुळं लकलक हलायला लागली, तर त्याच दिवशी, उद्यावर ढकलू नये. ती दुखणी आतल्या कानाची असू शकतात.

आणखी एक. कानाच्या कडेला जाड खपल्या दिसल्या की लोक ‘खरूज झाली’ म्हणून मांजर हाकलून देतात. ती खरूजच असते, वेगळ्या माइट्सची, कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडावर पसरते आणि हाताळणाऱ्यालाही थोडे दिवस खाज देऊ शकते, हे खरं. पण ती औषधानं बरी होते. हाकललेलं मांजर गल्लीभर ती वाटत फिरतं. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकांवर उन्हानं खपली धरून ती भरत नसेल तर मात्र ते वेगळं प्रकरण, कर्करोग निघू शकतो, दाखवायलाच हवं. आमच्या ओळीतलं पांढरं मांजर दिवसभर पत्र्यावर लोळतं, त्याच्यावर आता सगळ्यांचा डोळा आहे. आणि भटक्या मांजराच्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर हळहळू नये, ती नसबंदी झाल्याची खूण असते.

माझी विनंती एवढीच की ज्या चौकटीत तो उपाय आला, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत, त्याची दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर खाली बारीक टायपात नको. घाई करण्याचं कारण असं की शेजारच्या काकूंनी आपल्या चौकटीचं कात्रण कापून कारखान्याच्या दारावर चिकटवलं आहे. व्हिडिओ पाहून न जेवलेल्या त्याच काकू. ‘पेपरात आलंय’ म्हणतात. ते मी काढायला गेलो तर म्हणाल्या, दुसरं आणा, मग काढू.

आपला,
तंतुवाद्यांचा एक कारागीर, मिरज

(नाव छापू नये. ओळीतल्या सगळ्यांना कळेलच, पण काकांना पैशांवरून अजून थोडं वाटतं.)