कृष्णाकाठची मगर आणि मळीतली अंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की मी रोज सकाळी सहाला औदुंबरच्या घाटावरून खाली मळीतनं, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतनं, चालायला जातो, उन्हं तापायच्या आत परत. पाणी उतरलेलं असतं, गाळाची बेटं उघडी पडलेली, मोटारींचे पाइप पार आतपर्यंत ओढून नेलेले. गेल्या आठवड्यात पलीकडच्या बेटावर एक मगर पडलेली दिसली, चांगली आठ-नऊ फूट असेल, तोंड वासून! बरोबरचा पोरगा म्हणाला, काका चवताळलीय. अरे बाबा, ती ऊन खातीय, अंग तापलं की तोंड उघडून गार करती. आणि हो, पेपरवाले दरवेळी 'सुसर दिसली' छापतात ते प्लीज थांबवा, सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची, ती तिकडं चंबळेत, कृष्णेत आहे ती मगर.

त्याच वाटेवर टिटवीनं चार अंडी घातलीत, नुसत्या खड्यांत, घरटं म्हणून काही नाहीच, पाय पडता पडता वाचला. आमच्या इकडं जुनी माणसं म्हणायची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, आता बघू. दुपारच्याला ती नदीत पोट भिजवून येती आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवती, हे मी झाडाखाली बसून डोळ्यानं बघितलंय. बेटावर नदी सुरय हे पक्षीसुद्धा असेच उघड्या वाळूत अंडी घालतात.

लिहायचं कारण हेच की मगरसुद्धा याच दिवसांत काठाला खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरती, पिल्लं निघायला दोनेक महिने लागतात, आणि नेमकं तेव्हाच मळीत माती काढायला पोकलेन आणि ट्रॅक्टर उतरतात, परवा तर टिटवीपासून वीस पावलांवर चाकाच्या खुणा होत्या. मगरीनं माणसं नेलीत, त्या घरांचं दुःख मला माहितीय, म्हणून धुण्या-पोहण्याच्या जागेला जाळी लावा ही मागणी आमचीपण आहे. पण १९७२ च्या कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण आहे ना? मग निदान मार्च ते जून एवढे चार महिने तरी काठाची माती उचलायला बंदी करा, माती काय पावसाळ्यानंतर पण तिथंच असती.

आपला,
एक वाचक, भिलवडी